भावोजींच्या स्प्रिंगा

आमच्या भावोजींइतका घाईत असलेला माणूस या पृथ्वीतलावर दुसरा नाही, आणि असलाच तर तो एव्हाना इथून निघून गेलेला असणार. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताईला बघायला आले तेव्हा मी शाळेत होते. पोहे कधी संपले ते कुणालाच कळलं नाही. वडील अजून पाहुण्यांच्या मूळ गावाची चौकशी करत होते, तोवर यांनी बशी खाली ठेवली, घड्याळ बघितलं आणि सांगून टाकलं की मला मुलगी पसंत आहे, तिला काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारू दे, माझी गोदीत दुपारची पाळी आहे. ताईने मान वर न करता एकच प्रश्न विचारला, की नेहमी एवढी घाई असते का? त्यावर भावोजी म्हणाले, "नाही, आज जरा निवांत आलोय." ताई हसली आणि तिथेच फसली, असं आमची आई पुढे जन्मभर सांगत असे.

माझगावच्या गोदीत फिटर म्हणून नोकरी पुरी करून ते निवृत्त झाले, पण निवृत्ती त्यांना कुठे चिकटली नाही. करी रोडची त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि ताईला सतराव्या मजल्यावर घर मिळालं. खिडकीतून एका बाजूला दादर, दुसऱ्या बाजूला गोदीच्या क्रेन दिसतात, वारा भरपूर, सगळं छान. पण भावोजींचं लिफ्टशी पटेना. बटण दाबायचं, दोन श्वास थांबायचं आणि जिन्याने निघायचं, हा त्यांचा क्रम. बाराव्या मजल्यावर असताना लिफ्ट शेजारून खाली गेल्याचा आवाज येतो, की तिथे बटण दाबायचं, पुन्हा दोन श्वास, पुन्हा जिना. ताई पिशवी घेऊन शांतपणे लिफ्टने उतरते आणि खाली वॉचमनच्या खुर्चीजवळ यांची वाट बघत उभी राहते. "लिफ्ट फार स्लो आहे," असं ते घाम पुसत तिला रोज सांगतात. लग्नाला गेले की पहिल्या मंगलाष्टकातच मुठीतल्या सगळ्या अक्षता टाकून मोकळे होतात आणि 'सावधान' होईपर्यंत पंगतीच्या दाराशी पोचलेले असतात. माझ्या दादरच्या घरी येतात तेव्हा बेल वाजवून मी दार उघडेपर्यंत त्यांनी शेजारच्यांना मी बरी आहे ना हे विचारून घेतलेलं असतं. एकदा तर मी दार उघडलं तेव्हा ते निघूनही गेले होते. खालून फोन करून म्हणाले, तू आहेस हे कळलं, तेवढंच काम होतं.

या माणसाने गोदीत जहाजांची इंजिनं कशी जुळवली असतील, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला होता. त्याचं उत्तर असं की हातात माप आलं की भावोजी बदलतात. पट्टी, काटा, फीत, काहीही. मोजल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास नाही. ताईच्या पोळीची जाडी त्यांनी कॅलिपरने मोजलेली मी पाहिली आहे, आणि त्या दिवशी त्यांना पोळी मिळाली नव्हती हेही पाहिलं आहे. मोजून झालं की निर्णय मात्र एका क्षणात, आणि त्या क्षणानंतर ते तुमचं काही ऐकणार नाहीत. सगळे घोटाळे त्यांचे तिथून पुढचे.

आता दादांविषयी सांगायला हवं. दादा हे भावोजींचे थोरले बंधू, नऊ वर्षांनी मोठे, देवगडच्या अलीकडे समुद्रापासून जरा आत त्यांचं गाव. एका आईच्या पोटी असे दोघे कसे जन्मले याचं आश्चर्य अख्खं गाव करतं. दादा एक कप चहा तासभर पितात. बोलताना दोन वाक्यांच्या मध्ये एवढे थांबतात की पाहुणे निरोप घेऊन उठतात. फार पूर्वी ते मुंबईला आले होते, तेव्हा भावोजींनी सकाळी सातपासून त्यांना राणीची बाग, म्हातारीचा बूट, म्युझियम असं पळवलं. शेवटी गिरगाव चौपाटीवर दादांनी वाळूत बसकण मारली आणि 'हय बरा वाटता' म्हणाले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. भावोजी तेवढ्या वेळात वाळकेश्वरपर्यंत दोनदा जाऊन आले. दोघांचं एकमेकांवर जीवापाड प्रेम, पण एका ओसरीवर अर्धा दिवसही निभत नसे. म्हणून भावोजी गावी जायचे ते सकाळच्या बसने पोचून संध्याकाळच्या बसने परत. भेटले, विचारपूस केली, गळका नळ दुरुस्त केला, निघाले.

घरामागच्या डोंगरावर दादांची काजूची बाग आहे. वडिलांच्या वेळी तिथे नुसता कातळ आणि कुसळं होती. दादांनी कातळ फोडून, खालून खांद्यावरून माती नेऊन एकेक झाड लावलं, त्यांच्या त्या संथ चालीने, वीस-पंचवीस वर्षं. या गोष्टीच्या दोन वर्षं आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय अंगणापुरते चालू लागले, पण डोंगर सुटला. बाग घरातून दिसत नाही, मध्ये टेकाड येतं. वरून जो कोणी उतरेल, गुराखी असो की लाकडं आणणारी बाई असो, त्याला दादा ओसरीवरून विचारायचे, "मोहर इलो काय?" तक्रार कसली नाही. गावातल्या चार जणांनी खुर्चीला बांबू बांधून वर नेण्याची तयारी दाखवली, तर त्यांनी हात जोडले. म्हणाले, "मी जितो आसंय तवसर माका खांद्यार घेव नकात." आणि मग एकदा भावोजी संध्याकाळच्या बससाठी पायात चपला सरकवत असताना ते सहज बोलावं तसं बोलले, की माका एकदा वर जावक होया.

भावोजींच्या लेखी ही वर्कऑर्डर झाली. आठ दिवसांच्या आत त्यांनी चार चाकांची ती बुटकी, जाड टायरांची एटीव्ही शोधून काढली, जिच्यावर समुद्रकिनाऱ्यांवर पर्यटक किंचाळत फिरतात. कुणीतरी हौसेने घेऊन कंटाळलेला होता. गाडी दादांच्या अंगणात आली, गाव जमलं, भावोजींनी स्वतः बसून चढावर घातली आणि अर्ध्या वाटेवर जळका वास येऊन गाडी थांबली. क्लच गेला होता. दुसऱ्या कोणी गावातल्या मेकॅनिकला दाखवून नवीन मागवून घेतला असता. भावोजींनी क्लच खोलला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन संध्याकाळच्याच बसने मुंबईला आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला फोन: इंग्रजी वाचायला ये.

मी गेले तेव्हा ताईच्या जेवणाच्या टेबलावर तो काळा, जळका गोळा ठेवलेला होता आणि ताई शेगडीकडे तोंड करून उभी होती. भावोजींनी मला क्लच समजावून सांगितला. मी शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, पण खरं सांगते, तो मला समजला. त्या डब्याच्या पोटात तीन बूट, म्हणजे घासपट्टी लावलेले लोखंडी तुकडे, असतात. तीन छोट्या स्प्रिंगा त्यांना, आईने जत्रेत पोरांना दंडाला धरून ठेवावं तशा, आत धरून ठेवतात. इंजिन फिरायला लागलं की बूट बाहेर पळायला बघतात. स्प्रिंग मऊ असेल तर ती लगेच सोडते, बूट डब्याला हळूच चिकटतात आणि गाडी आपल्याही नकळत चालू लागते. स्प्रिंग कडक असेल तर ती सोडतच नाही. इंजिन खूप कोकलल्यावर एकदम सोडते, आणि मग गाडी उडी घेते, पण त्या उडीत जोर असतो. चढाला जोर लागतो. म्हणजे क्लच एक वेळ कुठलाही मिळेल, खरी निवड स्प्रिंगांची. हे सांगताना भावोजी टेबलाभोवती चार फेऱ्या मारून आले होते.

फोनवर शोधून मी जे जे इंग्रजी वाचून दाखवलं ते त्यांना पटलं नाही, कारण चित्रातली स्प्रिंग मोजता येत नाही. मग आम्ही ऑपेरा हाऊसच्या मागे गाड्यांच्या सुट्या भागांच्या ज्या गल्ल्या आहेत तिथे गेलो. चौथ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते, जाड भिंगाचा चष्मा, बोलण्याचा वेग अगदी आमच्या दादांचा. त्यांनी जुना क्लच हातात घेऊन बराच वेळ वास घेतला, मग आतून तशाच मापाचा नवीन आणला आणि गल्ल्यावर तीन पुड्या ठेवल्या. पिवळा रंग लावलेल्या स्प्रिंगा मऊ, निळ्या मधल्या, लाल कडक. आणि मग ते विचारू लागले. चढ केवढा? भावोजींनी कोपरापासून हात तिरपा करून दाखवला, जवळजवळ उभाच. वजन? अठ्ठावन्न किलो, भावोजींनी स्वतःचं सांगितलं. चालवणार कोण? "मी चालवून बघितलीय ना," भावोजी म्हणाले, "मला माहितीय." म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि निळी पुडी जरा पुढे सरकवली. तोवर भावोजी लाल पुडी खिशात घालून फुटपाथवर उतरलेले होते.

घरी आल्यावर अर्थात मोजणी झाली. स्वयंपाकघराच्या माळ्याच्या कडीला एकेक स्प्रिंग अडकवून तिला खाली गव्हाच्या पिठाची पिशवी टांगायची आणि किती ताणली ते पट्टीने बघायचं. लाल स्प्रिंग पाच किलो पिठाला दाद देईना. दहा किलोच्या तांदळाला किंचित हलली. भावोजी इतके खूश झाले की त्यांनी ताईला बोलावून दाखवलं. ताई म्हणाली, सगळं दाखवून झालं असेल तर मला कुकर लावायचाय, तांदूळ खाली घ्या. त्याच दिवशी दुपारी परळहून सुटणाऱ्या बसच्या टपावर क्लच आणि लाल स्प्रिंगा गावी रवाना झाल्या.

पुढचं मला फोनवरून कळलं. सांगणाऱ्या वहिनी, म्हणजे दादांची बायको. मेकॅनिकने सगळं नीट बसवलं होतं. दादा सकाळी लवकर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार होऊन बसले. त्यांना गाडीवर बसवलं. त्यांनी उजव्या मुठीजवळचा वेगाचा खटका अंगठ्याने दाबला, तर काही नाही. आणखी दाबला, इंजिन नुसतं कोकलतंय, गाडी जागची हलत नाही. आणखी दाबला आणि लाल स्प्रिंगांनी हात सोडला. गाडी अंगणातून उडाली ती थेट गवताच्या उडवीत. धूळ खाली बसल्यावर दादा कमरेपर्यंत गवतात बसलेले दिसले, टोपी जागच्या जागी, कुठे खरचटलंसुद्धा नाही. वहिनी सांगता सांगता हसत होत्या, मीही हसले. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, की त्या दिवसापासून ते कुणालाच काही विचारत नाहीत. काल डोंगरावरून दोन माणसं उतरून अंगणातून पाणी पिऊन गेली, हे भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. गाडी माका नको, एवढं बोलले तेवढंच.

भावोजी त्या दिवशी करी रोडहून दादरला माझ्याकडे चालत आले, बेल न वाजवता नुसते दाराबाहेर येरझाऱ्या घालत राहिले. मी आवाज ऐकून दार उघडलं. आत या म्हटलं तर नको म्हणाले. पाणी नको, चहा नको. पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालू आणि तोंडाने हिशेब चालू, की क्लच बरोबर होता, स्प्रिंगा बरोबर होत्या, मोजून घेतल्या होत्या, मग चुकलं कुठे. त्यांची चूक काय झाली हे मला दिसत होतं आणि माझी तिखट जीभ एरवी अशा वेळी गप्प बसत नाही. पण त्यांचा चेहरा बघून मी पर्स घेतली आणि म्हटलं, चला, ऑपेरा हाऊसला जाऊ.

म्हाताऱ्यांनी आम्हाला ओळखलं. काय झालं ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत, आणि मागच्या वेळचाच प्रश्न परत विचारला, "चलाएगा कौन?"

"भाई," भावोजी म्हणाले. "बडा भाई."

वजन किती? माहीत नव्हतं. बसून तोल सांभाळतात का? बहुतेक. मग म्हाताऱ्यांनी आपला अंगठा वर करून विचारलं, की त्याचा हात कसा आहे, हळूहळू दाबतो की झटक्याने. भावोजींनी माझ्याकडे बघितलं, जसं काही ते मला माहीत असणार होतं. पंचाहत्तरी उलटलेल्या भावाचा हात कसा चालतो हे पोळीची जाडी मोजणाऱ्या या माणसाला सांगता येईना. म्हातारे म्हणाले, काही घाई नाही, फोन करून विचारा, मी इथेच आहे.

वहिनींना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. त्यांच्याकडे काजूगर मोजायचा छोटा काटा आहे, आकडा दाखवणारा. भावोजींनी सांगितलं की दादांना त्याच्यावर अंगठा ठेवून अर्ध्या किलोवर स्थिर दाबायला सांगा आणि आकडा वाचा. आपल्याला काय हवंय ते एकदा मोजायला मिळालं म्हणून त्यांना जरा हुशारी आली होती. पलीकडे थोडी कुरकुर झाली, दादांचा नकार, वहिनींची समजूत, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. वहिनी आकडे वाचू लागल्या. दोनशे. साडेतीनशे. नव्वद. सहाशे. दोनशे दहा. भावोजींनी आधी ते पुडीवर लिहायला घेतलं, मग पेन थांबलं. स्थिर धरायला सांगा वहिनी, ते म्हणाले. पलीकडून दादांचा आवाज आला, की धरलंय रे. आणि आकडे तसेच. एकशे तीस. पाचशे. ऐंशी.

"काटा बिघडलाय का तुमचा?" भावोजींनी विचारलं.

"काटो बरो आसा," वहिनी म्हणाल्या. "हातच तसो थरथरता त्यांचो. दोन वरसां झाली. तुमका म्हायत नाय?"

फोन मीच बंद केला. दुकानाबाहेर हातगाड्या, हॉर्न, माथाडी कामगारांची आरडाओरड, सगळं नेहमीसारखं चालू होतं आणि भावोजी गल्ल्यापाशी उभे होते. या माणसाला मी चाळीसहून अधिक वर्षं ओळखते, पण इतका वेळ त्यांना हातपाय न हलवता उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना. मग ते माझ्याशी, किंवा कुणाशीच नाही असं, बोलले. "सहा वेळा गेलो गं मी दोन वर्षांत. नळ केला, पंखा केला, पंप केला. हात नाही बघितला." मला त्यांची फार दया आली, आणि रागही आला, कारण दादांच्या ओसरीवर मीही दोनदा चहा पिऊन आले होते आणि मलाही ते दिसलं नव्हतं.

म्हाताऱ्यांनी पिवळी पुडी पुढे केली. थरथरत्या हाताला हीच, ते म्हणाले. कमीजास्त दाबला तरी गाडी अंगावर येणार नाही, हळूच निघेल, हळूच थांबेल. पण मग चढाचं काय, हा प्रश्न राहिलाच. मऊ स्प्रिंगांनी गाडी त्या उभ्या चढावर जीव टाकणार आणि नवा क्लचही जळणार, हे भावोजींना माझ्याआधी कळलं होतं. चढ कमी करा, म्हातारे म्हणाले. भावोजींनी त्यांना समजावलं की डोंगर आहे तो, स्टूल नाही.

"पहाड को कौन हाथ लगाता है," म्हातारे म्हणाले. "रास्ता घुमा के लो. लंबा पडेगा, बस."

लांब रस्ता. आयुष्यभर जो माणूस गटारं ओलांडून, कुंपणं चढून, फलाटाच्या चुकीच्या बाजूने उतरून जवळचा रस्ता काढत आला, त्याने ती पिवळी पुडी घेतली, दोनदा नीट घडी घालून आतल्या खिशात ठेवली, आणि मला म्हणाला की ताईला सांग, मी यायला वेळ लागेल.

ते गावी अठरा दिवस राहिले. ताईला सुरुवातीला वाटलं की आजारी पडले असतील. रोज फोन यायचा. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन त्यांनी डोंगराची पातळी काढायला घेतली होती, दर दहा पावलांवर किती चढ, कुठे वळण घ्यायचं, आणि दोन गडी कुदळ-फावडं घेऊन वाट काढत होते. दादा पहिले तीन दिवस ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. चौथ्या दिवशी भावोजी चुना टाकून वळण आखत होते तेव्हा मागून आवाज आला, की थय नको, थय खाली पाणी मुरता, वाट वाहून जायत. भावोजींनी ती खूण पुसली. दुसऱ्या दिवशी दादांची खुर्ची अंगणाच्या कडेला आली. डोंगराचा त्यांना दगडन्‌दगड पाठ, ते सांगायचे आणि भावोजींना दोन वाक्यांच्या मधली ती प्रचंड विश्रांती ऐकून घ्यावी लागायची, कारण पुढचं वाक्य आल्याशिवाय वळण कुठे घ्यायचं ते कळत नव्हतं. मला वाटतं, भावंडांमध्ये एवढं बोलणं साठ वर्षांत झालं नव्हतं. फोनवर भावोजी चिडचिड करायचे की दादा एका दगडावर अर्धा तास बोलला. नवव्या दिवशी वहिनींचा फोन आला. वरून कामाचे गडी जेवायला उतरले, तर यांनी त्यांना विचारलं, मोहर इलो काय.

मोहर आला तेव्हा ताई आणि मी दोघी गेलो. पिवळ्या स्प्रिंगा भावोजींनी स्वतःच्या हाताने बसवल्या होत्या. दादांना गाडीवर बसवलं, कमरेला ताईची जुनी सुती साडी दुहेरी करून मागच्या दांड्याला बांधली. त्यांनी थरथरता अंगठा खटक्यावर ठेवला आणि गाडी निघाली. निघाली हे कळायला मला जरा वेळ लागला, इतकी ती हळू. पहिल्या वळणाला आम्ही दोघी पुढे निघून गेलो आणि थांबून वळून बघितलं. दादा दोन्ही हातांनी मुठी धरून समोर बघत होते आणि भावोजी त्यांच्या उजव्या हाताला, गाडीच्या चाकाला लागून, त्याच चालीने चालत होते. पाऊल उचलायचे, हवेत जरासं धरायचे, मग टाकायचे. एवढं हळू चालणं त्यांना जड जात होतं, कपाळावर घाम आला होता. सरळ वाटेने दहा मिनिटांत माणूस वर जातो. आम्हाला पाऊण तास लागला.

वर सगळी बाग मोहरली होती. दादांनी गाडी बंद केली आणि बसून राहिले. एकेका झाडाकडे बघत होते, काही झाडांची चौकशी करत होते, ही फांदी कोणी तोडली, हे कधी वाळलं. मग तेही थांबलं. भावोजी शेजारच्या दगडावर टेकले, उठले, परत टेकले. मी बघत होते, त्यांचा गुडघा हलत होता, हात खिशात जाऊन येत होते, ऊन वाढत होतं, आणि एरवी तिसऱ्याच मिनिटाला येणारं 'चला' हे ओठांवर येऊन परत जात होतं. दादांनी त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "तुका घाई आसा?"

"नाय," भावोजी म्हणाले. "बस तू."

मी मनात म्हटलं, एवढी मोठी थाप या माणसाने जन्मात मारली नसेल.

त्यानंतर दादा तीनदा वर जाऊन आले. मग पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांना दुसरा झटका आला. आता ते खाटेवर असतात. यंदाचा मोहर त्यांनी खाटेवरूनच पाहिला, भावोजी मोहरभर गावीच राहिले आणि रोज एक डहाळी घेऊन खाली यायचे. मी भेटायला गेले होते तेव्हा एका दुपारी गावातला मेकॅनिक गाडीचं तेल बदलायला आला होता आणि मी जवळच उभी होते. त्याने सहज सुचवलं की आता गाडी काय तुम्हीच चालवता, तर त्या लाल स्प्रिंगा घालून देतो, तुम्हाला कशाला एवढी फिरत जायची शिक्षा. भावोजींनी चिंधीने हात पुसले.

"राहू देत," ते म्हणाले. "दादाला बरं वाटलं की परत बदलायला कुठे बसायचं."

मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं. मी गाडीकडे बघितलं. मग तो तेलाचा डबा उचलून गाडीखाली वाकला आणि भावोजी वळणाच्या वाटेवर पडलेले दगड बाजूला करायला निघून गेले.